साखर तोडली तर गाठ उपाशी मरते का?

फोंडेकर: ‘साखर बंद करा, पंधरा दिवसांत गाठ उपाशी मरेल’ हा इथे काल टाकलेला संदेश वाचून गप्प बसवले नाही. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, पूर्ण न जाळता तिचे लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले, ते मान्य. परंतु ताटातली साखर थांबली तरी यकृत ग्लुकोज घडवीतच राहते आणि त्यासाठी स्नायूंतली प्रथिने मोडली जातात. उपाशी राहतो तो रोगी.

डिचोलीकर: संदेश माझाच आहे. वारबुर्गना नोबेल उगाच मिळाले काय? ग्लुकोज काढून घेताच प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मरताना मी स्वतः व्हिडिओत पाहिल्या आहेत.

प्रयोगशाळेत राबलेली: ते १९३१चे नोबेल पेशींच्या श्वसनातल्या विकराबद्दल (एन्झाइमबद्दल) होते, कर्करोगाबद्दल नव्हे. राहिली बशी. आम्ही वापरायचो त्या पोषकद्रवात लिटरमागे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असे, म्हणजे रक्तातल्या सुमारे पाचपट. सोमवारी गुलाबी असलेला द्रव बुधवारी पिवळा पडे, इतके आम्ल त्या पेशी सोडत. एवढ्या सुकाळात कित्येक पेशी मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा काढणाऱ्या आपल्या भट्ट्यांचे, काम आपणहून आवरते घेतात. त्यांनाच ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर दिली, की ती ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे प्राणवायूविना साखर तोडण्याच्या वाटेत, फार हळू शिरत असल्यामुळे त्या निमूटपणे प्राणवायूवरच्या श्वसनाकडे वळतात आणि ग्लुटामिन हे अमिनो आम्ल जाळू लागतात. ज्यांना वळता येत नाही त्या मरतात, आणि आपल्या व्हिडिओत बहुधा त्याच होत्या. बशीवरून माणसाचे पथ्य ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

डिचोलीकर: नोबेलचे माझे चुकले, आता विद्वानांनी पेढे वाटावेत! माझ्या वडिलांच्या आजारात त्यांनी काय खावे, हे सांगायला एकाही डॉक्टरला दोन मिनिटे सवड झाली नाही. मग माणूस असल्या संदेशांकडे वळणार नाही तर काय करणार?

फोंडेकर: ती तक्रार रास्त आहे, परंतु तिची किंमत माझ्या मावशीने मोजली. असलाच संदेश वाचून तिने चवथीची गोड नेवरी (करंजी) नाकारली, इथवर ठीक होते. पुढे उकड्या तांदळाची पेजही सोडली. महिन्याभरात मनगटातली काकणे कोपरापर्यंत सरकू लागली आणि वजन घटल्यामुळे केमोची पुढची फेरी लांबणीवर पडली.

डिचोलीकर: पेज सोडा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. ‘पंधरा दिवसांत’ हे शब्द तेवढे काढतो. चहा मात्र मी बिनसाखरेचाच घेणार, आणि त्यावर कोणी मायटोकॉन्ड्रिया काढू नये.