नवा दावा टाकण्याआधी रोजनामा बघा

वकील तारखेला गेला नाही म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला, तर सरळ नवा दावा टाका, असा सल्ला दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. त्या दिवशी प्रतिवादी हजर होता का, यावर सगळं ठरतं, आणि ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत कळतं. दोघेही गैरहजर असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ४ प्रमाणे मुदतीत नवा दावा चालतो. प्रतिवादी हजर आणि फक्त वादी गायब असेल, तर नियम ९ त्याच कारणावरचा नवा दावा अडवतो. मग रिस्टोरेशनचा, म्हणजे तोच दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज हाच रस्ता, आणि मुदत फक्त ३० दिवस.

सोलापूरला आमच्या काकांचा साठेखताचा (जमीन-घर विक्रीच्या आगाऊ कराराचा) दावा असाच गेला. वकिलांनी डायरीत तारीख चुकीची लिहिली होती, कळेपर्यंत मुदत उलटलेली. नव्या वकीलबाईंनी आधी रोजनाम्याची नक्कल काढायला लावली. त्यात 'वादी व वकील गैरहजर, प्रतिवादीतर्फे वकील हजर' अशी स्पष्ट नोंद. मग रिस्टोरेशनसोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज, आणि जुन्या वकिलांचं प्रतिज्ञापत्र, डायरीच्या त्या पानाच्या झेरॉक्ससकट. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटलंय खरं, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. पक्षकार स्वतः जागा होता का, हे कोर्ट बघतंच. काकांनी वकिलांना 'पुढची तारीख कधी?' असे व्हॉट्सॲपवर विचारलेले मेसेज प्रिंट काढून जोडले, ते फार कामी आले. समोरच्याला खर्च द्यायला लावून दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत आला. नियम ९ चा अर्ज फेटाळला गेला तरी आदेश ४३ खाली त्यावर अपील करता येतं.