वर्गणीतले उरलेले पैसे: एईडी घ्यायचं, सीपीआर शिकायचं, की दोन्ही नको?

सदाफुली (धागाकर्ती)
आमची सोसायटी पुण्यात, सहा इमारतींची. निम्म्याहून जास्त घरांत साठी ओलांडलेलं कुणी ना कुणी आहे. यंदा गणपतीच्या वर्गणीतून दीड लाखाच्या आसपास शिल्लक राहिली आणि सभेत तीन तट पडले. काहींचं म्हणणं, हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र घ्या आणि गेटवर लावा. काहींचं म्हणणं, आधी माणसांना सीपीआर (हृदय थांबलं की छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि प्रथमोपचार शिकवा. बाकीचे म्हणाले, हे डॉक्टरांचं काम, आपण नसत्या भानगडीत पडू नये.

मी ठामपणे दुसऱ्या बाजूची आहे. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवलेत. पण हृदय थांबलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. संध्याकाळी सात वाजता आमच्या रस्त्यावरून तेवढ्या वेळात कुठलीही गाडी आत येऊ शकत नाही. त्या मिनिटांत जवळ असतो तो शेजारी, नाहीतर वॉचमन.

आणि शिकायचं असं किती असतं? खांदे हलवून हाक मारायची. माणूस हलत नाही आणि श्वास नीट नाही असं दिसलं की एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, कोपरं सरळ ठेवून दाबायला लागायचं. खोली पाच ते सहा सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबण्याचीच पद्धत सांगितली आहे, म्हणजे ज्यांना तोंड लावायचा संकोच वाटतो त्यांचाही प्रश्न मिटला.

डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत हे शिक्षण सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठीही. २००१ मध्ये तिथे रस्त्यात-घरात हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण २१ टक्क्यांना आसपासच्या लोकांकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये ४५ टक्क्यांना. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण याच काळात ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेलं.

हिशेबी
विरोध नोंदवतो. डेन्मार्कचे आकडे खरे आहेत, पण त्याच दहा वर्षांत तिथे फोनवरून सूचना देणारी यंत्रणा सुधारली, एईडीची नोंदणी झाली, रुग्णालयातले उपचार सुधारले. श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येत नाही, हे तो अभ्यास करणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. आणि १०.८ म्हणजे शंभरातले एकोणनव्वद तिथेही गेलेच.

आपल्याकडे काय होईल ते सांगतो. रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये साठ खुर्च्या, एक डमी, चहा-पोहे, ग्रुपवर फोटो. शिकलेलं काही महिन्यांत विसरतं, हेही संशोधनात दिसलेलं आहे. त्याच पैशात दरवर्षी बीपी आणि साखर तपासणीचं शिबिर घ्या. औषध अर्ध्यावर सोडलेले दहा जण जरी पुन्हा गोळ्या घ्यायला लागले तरी जास्त जीव वाचतील.

पहाटपळ्या
मी पहिल्या तटातला, यंत्र घ्या म्हणणारा. अमेरिकेत लास व्हेगासच्या कॅसिनोंमधल्या सुरक्षारक्षकांना एईडी वापरायला शिकवलं होतं, त्याचा अभ्यास २००० साली छापून आला. डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची बिघडलेली लय शॉकने सुधारू शकते अशा लोकांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला ते ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के. रक्षकच होते ते, डॉक्टर नव्हते. यंत्र स्वतः बोलून सांगतं, चुकीच्या माणसाला शॉक देतच नाही. विमानतळावर असतं, मग सोसायटीत का नको?

हिशेबी
@पहाटपळ्या, कॅसिनोत प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा आणि चोवीस तास जागा असलेला रक्षक असतो. घरात माणूस रात्री तीनला बाथरूममध्ये पडतो. तुम्ही २००० चा अभ्यास सांगितलात, मी २००८ चा सांगतो: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे सात हजार रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरात एईडी दिलं, निम्म्यांच्या घरच्यांना फक्त सीपीआर शिकवून फोन करायला सांगितलं. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. वर यंत्राचे छातीला चिकटवायचे पॅड साधारण दोन वर्षांत बदलावे लागतात, बॅटरी चार-पाच वर्षांत. आपल्या लिफ्टच्या इन्व्हर्टरचं पाणी कोण भरतं हे सेक्रेटरींना विचारा, मग यंत्राचं बोला.

सदाफुली
हिशेबी, २००८ चा तो अभ्यास माझ्या बाजूचाच आहे. दोन्ही गटांतल्या घरच्यांना सीपीआर शिकवलेला होता. म्हणून मी म्हणते, आधी माणसं.

रात्रपाळी_सिस्टर
मी अठ्ठावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच अतिदक्षता विभागात. वरच्या आकड्यांत एक गोष्ट राहून गेली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची.

हृदय थांबलेला माणूस कित्येकदा लगेच शांत पडत नाही. जबडा उघडतो, मधूनच एखादा मोठा आचका, घोरल्यासारखा आवाज, मग बराच वेळ काही नाही, पुन्हा एक आचका. हे मिनिट-दोन मिनिटं चालू राहतं. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे. कुणी पाणी पाजायला जातं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी उशी देऊन मान वर उचलतं. कुणी तळपाय चोळत बसतं. रुग्ण आणणारे सगळेच आम्हाला हेच सांगतात की घरी श्वास चालू होता, रस्त्यात थांबला. तो श्वास नसतो. हाकेला ओ नाही आणि असे आचके दिसतायत, की दाबायला सुरुवात करायची. दहा सेकंदांच्या वर विचार करायचा नाही.

हे वाचून कळत नाही. आवाज ऐकवून, व्हिडिओ दाखवून, डमीवर हात ठेवूनच कळतं. म्हणून वर्ग हवा. विसरतं हे खरं, पण एकदा गुडघे टेकून दोन मिनिटं सलग दाबलेल्या माणसाला एवढं नक्की लक्षात राहतं की किती जोर लागतो आणि किती दम लागतो. आणि कृपा करून, जोरात खोकून हार्ट अटॅक थांबवा हा मेसेज पुढे पाठवू नका. कोसळलेला माणूस खोकणार कसा?

तळकोकण
शहरातल्या मंडळींनी चर्चा छान केली, पण तुमचा प्रथमोपचार हृदयापाशीच संपतो. आमच्याकडे पावसाळ्यात मण्यार, घोणस, फुरसं. अजूनही लोक दोरी करकचून बांधतात, ब्लेडने चिरतात, मग मांत्रिकाकडे नेतात. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय मोडला असता तर जसा स्थिर ठेवला असता तसा ठेवायचा आणि सर्पविषाची लस जिथे असेल त्या दवाखान्यात न्यायचं.

मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखतसुद्धा नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हृदय मात्र चालूच असतं. अशा वेळी नुसती छाती दाबून उपयोग नाही, तोंडाने श्वास देत न्यावं लागतं. विहिरीत बुडालेल्याचंही तसंच, आधी श्वास. मग ‘फक्त दाबा’ हे शिकवून तुम्ही आमच्यासारख्यांना अर्धवट का सोडता?

भूलतज्ज्ञ_
@तळकोकण, मुद्दा बिनतोड आहे. फक्त दाबण्याची पद्धत अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी आहे. बुडणं, सर्पदंश आणि लहान मुलं यांत श्वास द्यावेच लागतात, तीस दाबांमागे दोन. खेडेगावात वर्ग घेताना तेच शिकवावं. पुण्याच्या सोसायटीत पहिल्या वर्गाला एवढं सगळं घातलं तर लोक गोंधळतात आणि काहीच करत नाहीत, असा माझा अनुभव.

एईडीबद्दल. ईसीजीवर सरळ रेषा आलेल्या, म्हणजे पूर्ण थंड पडलेल्या हृदयाला ते शॉक देत नाही, म्हणजे सगळ्यांनाच उपयोगी पडत नाही. शॉक लागणारी लय असेल, तर मात्र त्याला पर्याय नाही. दर मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. सीपीआर ही घसरण मंद करतो, लय दुरुस्त करत नाही. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगडीवर. घाम असेल तर छाती पुसून घ्या. केस दाट असतील तर पॅड चिकटत नाही, म्हणून पेटीत रेझर ठेवा. माणूस पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या, गादीवर सगळा दाब गादीतच जातो. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडू शकते, तिला भिऊन थांबू नका.

कोर्टकचेरी
‘नसत्या भानगडी’चं उत्तर देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. पण ते रस्ते अपघातापुरतं आहे, हे कुणी सांगत नाही. घरात किंवा जिन्यात कोसळलेल्या माणसासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० पाहा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीला, संमती घेणं शक्य नसलं तरी त्यात संरक्षण आहे. जुन्या दंडविधानात हेच कलम ९२ होतं. तरीही वैद्यकीय मदतीसाठी स्वतंत्र, स्पष्ट कायदा हवाच, नाहीतर लोकांची भीती जाणार नाही.

मृण्मयी_ठाणे
भीती फक्त पोलिसांची नसते. बाई कोसळली तर पुरुष हात लावायला धजत नाहीत. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना सीपीआर मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. आपल्याकडे पदर, ब्लाउज, बघ्यांची गर्दी. वर्गात बायका जास्त हव्यात, आणि पुरुषांना स्पष्ट सांगायला हवं की एईडीसाठी ब्लाउज कापावा लागला तर कापायचा, दोघींनी ओढणी आडवी धरायची. डमीला साडी नेसवून सराव का करत नाहीत?

शांताराम७१
माझं वय एकाहत्तर. मला कॅन्सर आहे आणि मुलांना सांगून ठेवलंय की माझी छाती दाबू नका. सन्मानाने मरण्याचा आणि तसं आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे. तुमच्या उत्साहात हेही विचारून ठेवा.

सदाफुली
शांतारामकाका, हे वर्गातच सांगायला हवं, आणि ज्यांची अशी इच्छा आहे त्यांच्या घरच्यांनी ते शेजाऱ्यांना आधी कळवायला हवं. आभार.

पुढच्या सभेत मी मांडणार आहे ते असं: वर्गाचं पहिलं आमंत्रण वॉचमन, सफाईवाल्या ताई आणि घरकामाला येणाऱ्या बायकांना, त्या वेळेचा पगार न कापता. दुपारी सोसायटीत तेच असतात, आपली मुलं ऑफिसात. मग रहिवासी. सहा महिन्यांनी पुन्हा सराव. गाडी आली की मागचं गेट कोण उघडणार आणि लिफ्ट खाली कोण धरून ठेवणार याची नावं ठरवायची, कारण आमच्याकडे मागच्या गेटला कायम कुलूप असतं. यंत्राचा ठराव या दुसऱ्या सरावानंतर.

पहाटपळ्या
म्हणजे सहा महिने यंत्राशिवाय. या सहा महिन्यांत कुणी गेलं तर? वर्ग आणि खरेदी एकाच दिवशी करा, पैसे आहेत.

हिशेबी
वॉचमन एजन्सीचे असतात, चार महिन्यांत बदलतात. एजन्सीच्या करारातच लिहून घ्या की नवा माणूस आला की पंधरा दिवसांत त्याला प्रशिक्षण, आणि त्याचा खर्च कुणाचा तेही. ते लिहिलेलं दिसलं तर वर्गाच्या बाजूने हात वर करीन. यंत्राला माझा विरोध कायम आहे, आणि बीपीचं शिबिर विषयपत्रिकेवर नसेल तर मी ते आयत्या वेळच्या विषयात मांडणार आहे.