‘शोध लावला’ की ‘शोध लागला’? वास्को द गामाच्या सफरीवरून एक शब्दचर्चा

मूळ प्रश्न

आठवीतल्या भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेताना एका वाक्यापाशी माझी अडचण झाली. तिने वहीत लिहिले होते, ‘वास्को द गामाने १४९८ मध्ये भारताचा शोध लावला.’ मी ते खोडायला लावून ‘भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा शोध लावला’ अशी दुरुस्ती सुचवली, कारण आपल्या लहानपणापासून तेच वाक्य पाठ आहे. त्यावर तिने विचारले, “पण मामा, आफ्रिकेपासून कालिकतपर्यंतची वाट दाखवायला त्याने माहीतगार माणूस बरोबर घेतला होता ना? मग त्याने शोध कशाचा लावला?” मला नीट उत्तर देता आले नाही.

‘शोध’ या नामापुढे आपण घेणे, लावणे, लागणे ही क्रियापदे जोडतो आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. तरीही वाफेचे इंजिन, गुरुत्वाकर्षण आणि अमेरिका या तिन्ही गोष्टींचा आपण सरसकट ‘शोध लावतो’. हिंदीत ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असा भेद पाळला जातो. मराठीत मात्र ‘आविष्कार’ म्हटले की कला आणि अभिव्यक्ती डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तो शब्द इथे उपयोगाचा नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय सफरींविषयी लिहिताना नेमके कोणते क्रियापद वापरावे? ‘अन्वेषण’ किंवा ‘समन्वेषण’ हे शब्द अधिक योग्य ठरतील का?

पहिला प्रतिसाद

आधी व्याकरणाचे पाहू. ‘शोध’ हा शब्द संस्कृत ‘शुध्’ या धातूपासून आला आहे. मूळ अर्थ शुद्ध करणे, मळ काढणे असा आहे, आणि वैद्यकातील ‘शोधन’ या शब्दात तो आजही जिवंत आहे. निवडता-पाखडता हवे ते हाती येते, या मार्गाने तो ‘धुंडाळणे’ या अर्थाकडे वळला असावा, असे मला वाटते.

‘शोध घेणे’ यात केवळ खटपट आहे, फळ मिळाले की नाही ते कळत नाही. ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही जोडी मात्र पाहण्यासारखी आहे. दिवा लागतो आणि आपण तो लावतो, छडा लागतो आणि पोलीस तो लावतात, तसाच शोध लागतो आणि कोणी तरी तो लावतो. ‘लावणे’ या प्रयोगात ‘ने’ प्रत्यय घेऊन येणारी व्यक्ती कर्तेपणाचा पूर्ण मान घेते. ‘लागणे’ या प्रयोगात तीच व्यक्ती ‘ला’ प्रत्यय घेते, म्हणजे घटना तिच्या बाबतीत घडते: ‘गुराख्याला हरवलेल्या गाईचा शोध लागला.’ गाय आधीपासून होतीच, फक्त ती कुठे आहे हे गुराख्याला ठाऊक नव्हते, हे सारे त्या एका प्रत्ययात येऊन जाते.

म्हणून माझे मत असे की जी भूमी आणि जे लोक आधीपासून होते त्यांच्याबाबत ‘युरोपीयांना अमेरिकेचा शोध लागला’ असेच लिहावे. ‘अमेरिकेचा शोध लागला’ असे अर्धे वाक्य लिहून भागत नाही, कारण शोध कोणाला लागला हे सांगणारा ‘ना’ त्यात गळतो. नेमकी तीच माहिती महत्त्वाची आहे.

‘अन्वेषण’ शब्दाला आता तपासयंत्रणेचा वास लागला आहे. केंद्रीय अन्वेषण विभाग हे नाव वर्तमानपत्रांत रोज वाचल्यावर त्याला समुद्रावर नेणे अवघड आहे. ‘समन्वेषण’ परिभाषेतला शब्द आहे. विषयाचे नाव म्हणून ‘भौगोलिक समन्वेषण’ चालेल, पण ‘पोर्तुगीज खलाशी डियाझने समन्वेषण केले’ या वाक्याने आठवीतल्या मुलीच्या डोळ्यांसमोर काहीही उभे राहणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, पण ‘लागला’ सरसकट वापरायला माझी हरकत आहे. ‘लागला’ म्हटले की योगायोगाची छटा येते. ती कोलंबसाला शोभते, कारण १४९२ मध्ये तो आशियाच्या शोधात पश्चिमेला निघाला आणि पृथ्वीचा परीघ प्रत्यक्षाहून बराच लहान धरल्यामुळे वाटेतल्या एका खंडावर जाऊन थडकला. पोर्तुगीजांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी सुमारे ऐंशी वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि त्यातला एक भाग असा आहे की तिथे ‘शोध लावला’ याखेरीज दुसरा शब्द न्याय देणार नाही.

तो भाग म्हणजे अटलांटिक महासागरातील वारे. १४१५ मध्ये पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतील सेउटा हे बंदर जिंकले. त्यानंतर राजपुत्र हेन्रीच्या आश्रयाने गलबते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे जाऊ लागली, पण बोजादोर भूशिरापाशी ती वर्षानुवर्षे अडली. जाण्याला तशी अडचण नव्हती, वारा आणि प्रवाह दोन्ही दक्षिणेकडेच नेत होते. भीती परत येण्याची होती, कारण तोच वारा आणि तोच प्रवाह परतताना तोंडावर येत असे. १४३४ मध्ये गिल इयानिश ते भूशिर ओलांडून परत आला. पुढे खलाशांच्या ध्यानात आले की घरी पोहोचायचे असेल तर किनारा धरून उत्तरेला झगडू नये. उलट किनाऱ्याकडे पाठ करून वायव्येला खुल्या समुद्रात दूरवर जावे, म्हणजे अझोर बेटांच्या आसपास पश्चिमेचे वारे मिळतात आणि ते पोर्तुगालला आणून सोडतात. या युक्तीला त्यांच्या भाषेत ‘व्होल्ता दु मार’, म्हणजे समुद्राचा फेरा, असे म्हणत. घराकडे जाण्यासाठी घरापासून लांब जायचे, आणि तेही जमीन दिसेनाशी होईपर्यंत, हे ज्यांनी पहिल्यांदा केले त्यांच्या धैर्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

हीच युक्ती पुढे दक्षिण गोलार्धात वापरली गेली. बार्तोलोमेऊ डियाझ १४८८ च्या आरंभी वादळात सापडून आफ्रिकेचे दक्षिण टोक न पाहताच ओलांडून गेला, आणि जमीन पुन्हा दिसली तेव्हा किनारा पूर्वेकडे वळलेला होता. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी चार गलबते आणि सुमारे १७० माणसे घेऊन लिस्बनहून निघाला. केप व्हर्दची बेटे ऑगस्टच्या आरंभी सोडल्यावर तो किनाऱ्याला चिकटून राहिला नाही, तर दक्षिण अटलांटिकमध्ये प्रचंड मोठा वळसा घेत गेला. त्यानंतर तीन महिने त्यांना जमीन दिसली नाही. ४ नोव्हेंबरला ते आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला लागले. या वळशाची वाट कोणी दाखवलेली नव्हती. इथे ‘शोध लावला’ हे शब्द शोभतात.

पूर्व आफ्रिकेचा किनारा लागल्यावर मात्र चित्र पालटते. मोझांबिक, मोंबासा, मालिंदी या बंदरांत अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांची नित्य ये-जा होती. मालिंदीच्या राजाने वाटाड्या दिला आणि २४ एप्रिल १४९८ रोजी निघालेली गलबते सुमारे चार आठवड्यांत, २० मे रोजी, कालिकतच्या किनाऱ्याजवळ उभी राहिली. तुमच्या भाचीची शंका या टप्प्यापुरती पूर्णपणे खरी आहे.

याच प्रसंगातील एक तपशील शब्दचर्चेच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. गामाने स्वतः न उतरता एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवले. तिथे त्याची गाठ ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी पडली आणि ते चक्क स्पेनची भाषा बोलत होते. ‘इतक्या दूर कशासाठी आलात?’ या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर सफरीच्या रोजनिशीत नोंदले आहे: ‘ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला.’ म्हणजे त्या क्षणी त्यांच्या तोंडी आलेले क्रियापद ‘शोधणे’ होते, ‘शोध लावणे’ नव्हे. आणि ते उत्तर ऐकणारा माणूस भूमध्य समुद्राच्या काठावरून तिथे त्यांच्या आधी येऊन पोहोचलेला होता!

तिसरा प्रतिसाद

मालिंदीच्या त्या वाटाड्याविषयी थोडे. अनेक पुस्तकांत तो प्रसिद्ध अरब नौकाशास्त्रज्ञ अहमद इब्न माजिद असल्याचे लिहिलेले असते, पण अभ्यासकांनी ते मत आता सोडून दिले आहे. पोर्तुगीज इतिहासकारांनी त्याला गुजराती म्हटले असून त्याचे नाव ‘मालेमो काना’, ‘कानाका’ अशा रूपांत दिले आहे. यातला ‘मालेमो’ म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, शिकवणारा, जाणकार. कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावर गलबताची दिशा सांभाळणाऱ्याला ‘मालम’ म्हणतात, तो हाच शब्द. ‘कानाका’ हे संस्कृत ‘गणक’ शब्दाचे रूप मानले जाते; ताऱ्यांवरून गणित करणारा तो गणक. म्हणजे इतिहासाने ज्याला त्याचे नाव समजून जपले, तो वास्तविक त्याचा हुद्दा आहे आणि माणसाचे खरे नाव हरवले आहे. आपल्याकडेही नाखवा, तांडेल, सुकाणू या शब्दांतून किती भाषांचे पाणी एकत्र आले आहे ते यावरून लक्षात यावे. ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’पासून आला आणि ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’पासून.

दुसरा शब्द ‘मोसम’. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. त्यावरून पोर्तुगीजांनी आपला शब्द बनवला, त्यावरून इंग्रजीत ‘मान्सून’ झाला आणि तो आपण पुन्हा उसना घेतला, घरात ‘मोसम’ आणि ‘मोसमी वारे’ असताना. या शब्दाचा खरा अर्थ पोर्तुगीजांना पहिल्या सफरीत कळला नव्हता, हे त्यांच्या तारखांवरूनच दिसते. २० मे म्हणजे आपल्याकडे आगोट, पावसाळ्याचे तोंड. कोकणात त्या दिवसांत होड्या वर ओढून शाकारायच्या तयारीला लागतात, समुद्रात नव्याने कोणी जात नाही. ते त्या हंगामाच्या अगदी शेवटच्या वाऱ्यावर आले. ऑगस्टअखेर त्यांनी कालिकत सोडले, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गलबतांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरच्या सुमारास आफ्रिकेकडे निघाले. परतीसाठी लागणारा ईशान्येचा वारा अजून स्थिरावलाही नव्हता. येताना सुमारे चार आठवडे लागलेल्या समुद्रावर जाताना जवळजवळ तीन महिने गेले. स्कर्व्ही रोगाने हिरड्या सुजून दातांवर चढत, अंगाला सूज येई, आणि त्या एका टप्प्यात ३० माणसे मेली. रोजनिशीत लिहिले आहे की शेवटी एकेका गलबतावर काम करू शकणारे सात-आठ जणच उरले होते. मनुष्यबळ पुरेना म्हणून ‘साओ राफाएल’ हे गलबत त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावे लागले. नारळी पौर्णिमेनंतरही काही काळ थांबून मग लांबच्या सफरीला निघावे, हे कोणत्याही नाखव्याने त्यांना सांगितले असते.

म्हणून मी म्हणेन की गामाला मार्गाचा शोध लागला, पण त्या मार्गाच्या मोसमाचा शोध त्या वेळी लागला नव्हता.

चौथा प्रतिसाद

याच विषयातील ‘कारण’ आणि ‘निमित्त’ यांची गल्लतही दूर व्हावी. ‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, त्यामुळे व्यापारी मार्ग बंद झाले आणि म्हणून युरोपीय समुद्रात उतरले’ हे वाक्य परीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते. वर आलेल्या तारखाच पाहा: सेउटा १४१५, बोजादोर १४३४. कार्य आधी आणि कारण नंतर, असे होत नाही. मिरी इजिप्तमार्गे व्हेनिसला पोहोचतच होती, ती केवळ महाग होती. सुरुवातीला पोर्तुगीजांना ओढणारे कारण सहाराच्या पलीकडचे सोने हे होते, आणि १४४४ पासून आफ्रिकी माणसांना पकडून लागोस बंदरात विकण्याचा धंदाही त्यात सामील झाला. या दुसऱ्या गोष्टीसाठी ‘साहस’ हा शब्द वापरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मिरी हे उद्दिष्ट पुढे ठरत गेले. १४५३ ला फार तर निमित्त म्हणावे.

आणि ‘मिरी’चा विषय निघालाच आहे म्हणून: कोलंबस मिरी शोधत गेला आणि त्याला मिळाली तिखट शेंग. स्पॅनिशमध्ये मिरीला ‘पिमिएन्ता’ म्हणतात, तर त्या शेंगेला ‘पिमिएन्तो’ नाव पडले. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती शेंग आपल्या किनाऱ्यावर आली, तेव्हा आपणही नकळत तीच वाट धरली आणि ‘मिरे’ या जुन्या शब्दावरून ‘मिरची’ शब्द केला.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. काल भाचीबरोबर बसून आम्ही ते वाक्य पुन्हा लिहिले. एकाची तीन वाक्ये झाली: ‘पोर्तुगीज खलाशांनी अटलांटिक महासागरातील वाऱ्यांचा शोध लावला. त्यामुळे १४९८ मध्ये वास्को द गामाला आफ्रिकेला वळसा घालून भारतापर्यंत येता आले. मालिंदीपासून पुढचा मार्ग त्याला एका गुजराती मालमाने दाखवला.’ ‘मालम’ शब्दाचा अर्थ तिने समासात पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

तिची एक नवी शंका मात्र इथे मांडतो. १४९७ चा ख्रिस्तजन्माचा सण आला तेव्हा गामाची गलबते दक्षिण आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून जात होती, त्याला पोर्तुगीजांनी ‘नाताल’ नाव दिले. पुढे १८९४ मध्ये गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली, ती त्याच प्रदेशात. आपल्या ‘नाताळ’ सणाचे नावही पोर्तुगीजच. तिचे विचारणे असे की मराठीत ‘ल’चा ‘ळ’ सणाच्या नावात आधी झाला की प्रदेशाच्या?

अखेरचा प्रतिसाद

सणाच्या नावात आधी झाला असावा. तो शब्द गोवा आणि वसईच्या पोर्तुगीज सहवासातून लोकांच्या तोंडी रुळला. प्रदेशाचे नाव मराठी वाचकासमोर बऱ्याच नंतर, छापील मजकुरातून आले, आणि तयार उच्चार हाताशी असल्याने लिहिणाऱ्यांनी तोच वापरला असणार. कोंकणीत सणाला ‘नाताळ’ किंवा ‘नातालां’ म्हणतात, तेव्हा दोन्ही उच्चार आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.