‘अटॅचमेंट’ : आसक्ती, अनुबंध की लळा?

प्रश्न (जळगाव) : बी.ए.च्या पहिल्या वर्षाला विकासाचं मानसशास्त्र शिकवते. ‘अटॅचमेंट’साठी, म्हणजे बाळाचं त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी जुळणाऱ्या घट्ट नात्यासाठी, ‘आसक्ती’ हा शब्द वापरत आले. परवा एका मुलीने पेपरात लिहिलं, ‘बाळाची आसक्ती वेळीच कमी करावी.’ हा सिद्धान्त मांडणाऱ्या बोल्बीचं म्हणणं नेमकं उलट आहे : बाळाला हे नातं हवंच असतं. पण चूक तिची नाही. आसक्ती सोडायची असते, हे ती लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलीय. दुसरा शब्द सुचवा.

धुळे : ताई, ‘अनुबंध’ घ्या. शास्त्रीय वाटतो, ‘सुरक्षित अनुबंध’ असं विशेषणही लागतं.

जळगाव : तो वर्गात वापरून पाहिला, सर. मुलांना लगेच ऋणानुबंध आठवला, म्हणजे मागच्या जन्मीचं देणंघेणं. इथे तर सगळं या जन्मीचं, पहिल्या वर्षाच्या रोजच्या सांभाळातलं.

चोपडा : मग ‘लळा’ का नको? लळा लागतो आणि लावावाही लागतो; सांभाळणाऱ्याचं काम त्या क्रियापदातच आहे. शिवाय आईच हवी असंही नाही. वेचणीच्या दिवसांत माय कापसात आणि पोऱ्या आजीजवळ, हे आपल्याकडे घरोघरी. त्याला आजीचा लळा लागतो. लळा नुसता खाऊ घातल्याने लागत नाही, हेही मुलांना पटतं. मानसशास्त्रज्ञ हार्लोने १९५८मध्ये मांडलेला, खोट्या आयांचा प्रयोग सांगा : दूध तारेच्या आईजवळ असलं, तरी माकडाची पिल्लं बिलगून राहायची कापडाच्या आईला.

धुळे : पण मानसशास्त्रज्ञ एन्सवर्थ हिने सांगितलेले अटॅचमेंटचे सुरक्षित-असुरक्षित प्रकार कसे सांगणार? तिच्या प्रयोगात थोडा वेळ बाहेर गेलेली आई खोलीत परत आली तरी तिच्याकडे न बघणारं मूल, त्याचा ‘टाळणारा लळा’? लळ्यात गोडवा आधीच आहे, तिथे असुरक्षित हे विशेषण चिकटत नाही.

जळगाव : अडचण खरी आहे, सर. वर्गातही तिथेच गाडं अडतं. ‘पोऱ्या मायले सोडत नही’ म्हणजे लळा पक्का, असं मुलं धरून चालतात. एन्सवर्थ मात्र मूल रडलं का यापेक्षा आई परतल्यावर ते शांत होऊन पुन्हा खेळायला लागलं का, हे बघते. म्हणून पहिल्या तासाला लळा, आजी, कापूस. प्रकार आले की ‘अनुबंध’, आणि ऋणानुबंधाशी त्याचा संबंध नाही हे तिथेच सांगायचं. ‘आसक्ती’ मात्र मी टिपणांतून खोडायला घेतलीय.