मोती चौक ते राजवाडा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला, तर विक्री वाढते की घटते?

प्रश्न

साताऱ्यात राजपथावर, मोती चौकाजवळ, आमचे भांड्यांचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. मोती चौक ते राजवाडा हा टप्पा संध्याकाळी वाहनांना बंद ठेवावा, असा विषय परवा आम्हा दुकानदारांच्या बोलण्यात निघाला. पण निम्मे जण ‘गिऱ्हाईक तुटेल’ म्हणून उठले आणि उरलेले ‘परदेशात असेच असते’ यापलीकडे काही सांगू शकले नाहीत. माझी अडचण अशी की, दुकानाच्या पायरीला लागून रोज चार-पाच दुचाक्या उभ्या असतात, त्यांतील बहुतेक माझ्या गिऱ्हाइकांच्या नसतात, आणि बाहेर मांडलेली समई हातात घेऊन पाहणाऱ्या बाई मागून हॉर्न वाजला की ती तशीच ठेवून पुढे जातात. उलट लग्नसराईत रुखवताची भांडी घेणारे लोक गाडी दारात लावूनच माल भरतात. ज्यांनी असे रस्ते पाहिले आहेत किंवा त्यांचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

उत्तर १

नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि सातारा हे माझे आजोळ आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोपनहेगनमधील स्ट्रॉगेट हा सुमारे १.१ किलोमीटरचा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रयोग म्हणून मोटारींना बंद करण्यात आला, तेव्हा तेथील दुकानदारही आपल्या मित्रांप्रमाणेच ‘गिऱ्हाईक तुटेल’ म्हणत होते. आमची हवा थंड, आम्ही काही इटलीतले लोक नव्हे की रस्त्यावर रेंगाळत बसू, असाही आक्षेप होता. दोन वर्षांत हा प्रयोग कायम झाला आणि पुढच्या काही दशकांत एकेक रस्ता व चौक त्यात येत गेला. महत्त्वाचे असे की, शहराच्या मध्यभागातील गाड्या लावण्याची जागा तेथे एका फटक्यात काढली नाही. ती दर वर्षी दोन-तीन टक्क्यांनी कमी केली, त्यामुळे लोकांना सवयी बदलायला वेळ मिळाला.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील कॅलमाझू शहराने १९५९ मध्ये, म्हणजे कोपनहेगनच्याही आधी, आपला बर्डिक रस्ता असाच बंद केला आणि त्याच्या पाठोपाठ तेथील अनेक शहरांनी तेच केले. त्यांतील बहुतेक रस्ते पुढे पुन्हा मोटारींना उघडावे लागले. कॅलमाझूच्या रस्त्याचाही काही भाग १९९८ मध्ये उघडला. दगड आणि बाके दोन्हीकडे सारखीच होती. फरक एवढाच की अमेरिकेत वस्ती गावाबाहेर सरकली होती, खरेदी प्रशस्त वाहनतळ असलेल्या मॉलमध्ये गेली होती, आणि त्या रस्त्यावर चालत यायला जवळपास कोणी राहतच नव्हते.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यापेक्षा आजूबाजूच्या पेठांवर अवलंबून आहे. राजपथालगत अजून दुकानांच्या वर आणि मागे माणसे राहतात, ही आपली खरी ठेव आहे. तेव्हा प्रथम एका संध्याकाळी प्रत्येक बिलामागे गिऱ्हाईक कशाने आले हे वहीत लिहा. ऑस्ट्रियातील ग्राझ आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील पाहण्यांत असे दिसले होते की, मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचा दुकानदारांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त होता.

उत्तर २

मी वरच्या आणि खालच्या रस्त्यांना जोडणाऱ्या एका उतरत्या बोळात राहते. राजपथावरील गाड्या हवेत विरून जाणार नाहीत. काही खालच्या रस्त्याने जातील, आणि उरलेल्या आमच्या दारात उभ्या राहतील. विसर्जनाच्या दिवशी आम्ही हे दर वर्षी अनुभवतो. माझ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे म्हणून रिक्षा बोलावली, तर ती बोळाच्या तोंडाशी अडली आणि त्यांना उतारावरून हात धरून न्यावे लागले.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, तो मी एकदा पाहिला आहे. मुले रस्त्याच्या मधोमध खेळत होती, ते पाहून फार बरे वाटले, परंतु एक दिवसाच्या सणावरून रोजच्या जगण्याचा हिशेब मांडता येत नाही. बोळांतील पार्किंगचा बंदोबस्त आधी ठरवावा, मग राजपथाचे बोलावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर ३

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्यात मालवाहतुकीची भर घालतो. दिल्लीच्या चांदणी चौकात नूतनीकरणानंतर, २०२१ पासून, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे, म्हणजे माल रात्री किंवा पहाटे उतरवावा लागतो. मोठ्या व्यापाऱ्याला हे जमते. ज्याच्याकडे एकच नोकर आहे त्याला पहाटे शटर उघडणे जड जाते. शिवाय पहारा ढिला पडला की दुचाक्या शिरतात, अशा तक्रारीही तेथे सतत असतात.

आणखी एक परिणाम दुकानदारांच्या बैठकीत सहसा बोलला जात नाही, तो म्हणजे भाड्याचा. रस्ता फुलला की जागामालक भाडे वाढवतो. मग कंदी पेढ्यांची आणि खाण्याची दुकाने टिकतील, पण स्टोव्ह-कुकर दुरुस्त करणारा टिकेल का? स्ट्रॉगेटवरही आज मोठ्या साखळी दुकानांचाच भरणा आहे. आपले दुकान स्वतःच्या मालकीचे असेल तर आपण निश्चिंत आहात. शेजाऱ्याला मात्र विचारून पाहा.

उत्तर ४

मोकळ्या रस्त्यावर हातगाड्या येणारच. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार त्यांच्या जागा शहर पथविक्रेता समितीच्या सहभागाने ठरवाव्या लागतात, त्यामुळे त्यांना वगळून योजना आखू नये.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी वही ठेवली. निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक पायी आलेले निघाले, याचे मलाच आश्चर्य वाटले. पण रकमेने पाहता दिवसाचे सर्वांत मोठे बिल मोटारीने आलेल्या लग्नघराचे होते, आणि सहा पातेली, दोन घागरी व परातींचा तो गठ्ठा कोणी हातात धरून नेईल असे मी म्हणू शकत नाही. असा माल हातगाडीने गाडीपर्यंत पोहोचवण्याची हमाली दुकानाने सोसायची, असा विचार आहे. जागा मालकीची आहे. शेजारचे भाडेकरू आहेत, आणि भाड्याचा मुद्दा ऐकून ते गप्प झाले. तरी त्यांच्यासह चार दुकानदारांनी महिनाभर वही ठेवण्याचे कबूल केले आहे. ताई, आपल्या बोळात संध्याकाळी किती गाड्या उभ्या राहतात हेही त्याच दिवसांत मोजता आले, तर दोन्ही वह्या एकत्र घेऊन बसता येईल.