मॉलीच्या अंगावर ठिपके होते म्हणून औषध घातलं, आता सगळेच मासे धापा टाकतायत

बिनपगारी राखणदार

मंडळी, आधीच सांगतो, मासे माझे नाहीत. लेकीचे आहेत. ती शिकायला बाहेरगावी गेली आणि टँक माझ्या गळ्यात पडला. रोज सकाळी चिमूटभर खाणं आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलणं, एवढ्यावर वर्षभर गाडं नीट चाललं. एक एंजल, तीन मॉली, तळाशी फिरणाऱ्या तीन कोरी.

मग मला अवदसा आठवली. टँक रिकामा वाटतोय म्हणून दोन नवीन मॉली आणून थेट सोडल्या. आठव्या दिवशी एकीच्या शेपटीवर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी तिघींच्या अंगावर. पोहता पोहता मध्येच दगडाला अंग घासून झटकन वळायच्या. कपाटात लेकीची मेथिलीन ब्लूची, म्हणजे माशांच्या निळ्या औषधाची, बाटली होती, ती घातली. थेंब मोजले होते, पण हात सढळ आहे माझा. आणि आजारपण आहे तर स्वच्छता हवी, म्हणून त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पार पांढरा होईपर्यंत धुतला.

आज तिसरा दिवस. पाणी निळंशार. ठिपके तसेच. एंजल फिल्टरच्या धारेखाली येऊन तोंड उघडझाप करतोय, एक मॉली तळाशी पर मिटून बसली आहे. औषध आणखी घालू का? की मासे वेगळ्या भांड्यात काढू? लेकीला अजून काही बोललेलो नाही.

शेवाळ

काका, औषध अजिबात वाढवू नका. टँक नेमका किती लिटरचा आहे? आणि अमोनिया तपासलात का? टेस्ट किट असेल लेकीकडे, शोधा.

बगळा

शेवाळ बरोबर विचारतायत. काका, तुमच्याकडे दोन आजार आहेत आणि तुम्ही एकाकडेच बघताय. ठिपक्यांनी मासे हळूहळू खंगतात. तीन दिवसांत सगळे एकदम वर येतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे.

माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू असतात, आणि त्यांचं मुख्य घर म्हणजे तुम्ही पांढराशुभ्र केलात तो स्पंज. नळाच्या क्लोरिनने ते मेले, जे उरले त्यांना मेथिलीन ब्लूने गाठलं. स्पंज पुढच्या वेळी टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस. मळकट दिसला तर दिसू द्या.

आज रात्री करायचं ते असं. चाळीस टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचं क्लोरिन मारून आणि तापमान जुळवून. एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, असेल तर लावा. खाणं दोन दिवस बंद, मासे उपाशी मरत नाहीत. निळेपणा काढायला फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. ठिपक्यांचं उद्या-परवा बघू.

तळ्याकाठची

मी तर म्हणेन मासे लगेच हॉस्पिटल टँकमध्ये काढा. साधा डबा, वाळू नाही, स्पंज फिल्टर आणि हीटर. आजारी जीव मोकळ्या जागेत लवकर बरा होतो. आणि मीठ घालाल तर आयोडीनवालं मुळीच नको.

बगळा

ताई, पर कुजलेत, जखम आहे, एकटाच मासा आजारी आहे, तर डबा उत्तम. इथे नाही. ठिपक्यांचा जीव माशावर जितका असतो तितकाच तळाशी असतो. एखाद-दुसरा मासा काढून उपयोग नाही. सगळे काढून टँक रिकामा ठेवता येतो, यजमान मिळाला नाही की तो जीव मरतो. पण त्या डब्यात मुरलेला, जिवाणू वसलेला फिल्टर कुठून आणणार? डब्यातही अमोनियाच होईल, पाणी कमी म्हणून आणखी लवकर. आणि मिठातलं आयोडीन इतकं नगण्य असतं की त्याने मासे मरत नाहीत. मी साधं मीठ वापरत आलोय.

तळ्याकाठची

आयोडीनचं तुमचं खरं असेल, मी तरी माझ्या माशांवर प्रयोग करणार नाही. डब्याचं पटलं.

बिनपगारी राखणदार

किट सापडलं. लेकीने वर चिकटपट्टीवर "बाबा, हे फेकू नका" असं लिहून ठेवलंय. अमोनिया १, पीएच ८. पाणी बदलल्यावर अमोनिया अर्ध्याच्या आसपास आला. रंगांच्या पट्टीवर माझा डोळा डगमगतो, पण हिरवा फिका झालाय एवढं नक्की. एंजल फिल्टरखालून निघून मध्यावर आला. तळाशी बसलेली मॉली पहाटे गेली. तिच्या अंगावर फार ठिपके नव्हते, उलट कल्लेच लाल झाले होते.

मापं घेतली. आतून ६० बाय ३० सेंटिमीटर, पाण्याची उंची ३८. म्हणजे ६८ लिटर. खाली वाळू आणि दगड. मी ८० लिटर धरून थेंब मोजले होते!

कुठेतरी वाचलं की हीटर ३० वर करायचा. करू का आता?

बगळा

थांबा. नेमकी इथेच गडबड होते.

अमोनियाची दोन रूपं असतात, त्यातलं एकच माशाला जाळतं. पीएच ७ असेल तर त्या जहरी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला तो पाच टक्क्यांपर्यंत जातो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. तुमचा पीएच ८ आहे. म्हणजे अमोनिया असताना पाणी तापवलं तर ठिपके जायच्या आधी मासे जातील. शिवाय पाण्यात मावणारा ऑक्सिजन २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो, ३० ला साडेसातच्या आसपास उतरतो. तुमच्या माशांचे कल्ले आधीच भाजलेत.

म्हणून क्रम असा. रोज पाणी बदलत अमोनिया शून्याजवळ आणा. मग दिवसाला एक-दोन अंश करत ३० ला न्या, एअर स्टोन चालू ठेवून. काचेवर चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर विश्वास नको, ती खोलीची हवाही मोजते. आत बुडणारा थर्मामीटर घ्या.

कोरी कुठल्या आहेत? ब्राँझ असतील तर दोन आठवडे सोसतील. पांडा कोरींना थंड पाणी लागतं, त्या असतील तर उष्णता सोडून द्या, औषधच बघू, तेही अर्ध्या मात्रेत.

वाळू-दगड वजा करून तुमचं खरं पाणी ६० लिटर. मीठ लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम, दोन दिवसांत चार भाग करून, प्रत्येक भाग मगात विरघळवून. मॉलीला याच्या दुप्पटही चालतं, कोरींमुळे हात आखडता घ्यायचा. अमोनियाच्या मागोमाग नायट्राइट (जिवाणू अमोनियाचंच ते करतात, तेही विषारी) वाढेल तेव्हाही हे मीठ कामाला येतं, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आणि मीठ उडून जात नाही हे विसरू नका. दहा लिटर पाणी बदललं तर दहाच ग्रॅम घालायचं, पुन्हा साठ नाही. सढळ हाताचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून सांगतोय.

शेवाळ

ब्राँझ-पांडा ओळखायचं तर: पांडाच्या डोळ्यावर काळा पट्टा असतो, पाठीच्या परावर काळा डाग आणि शेपटीच्या मुळाशी आणखी एक.

बिनपगारी राखणदार

काळा पट्टा नाही. मातकट-हिरवट, चमकदार. ब्राँझ.

आज सहावा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट थोडं आहे. पाणी २९ वर, नवा थर्मामीटर टाकलाय. काचेवरची पट्टी २७ दाखवते, म्हणजे वर्षभर मी त्या पट्टीला भजत होतो. आणि बातमी अशी की ठिपके गेले! काल रात्री होते, सकाळी साफ. हीटर खाली आणतो आता, एंजल उकाड्यात जरा सुस्त वाटतोय.

बगळा

काका, हात हीटरवरून काढा.

ठिपका म्हणजे कातडीखाली बसून पोट भरणारा एकपेशी जीव. पोट भरलं की तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटून शेकडो पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधतात, दोनेक दिवसांत मिळाला नाही तर मरतात. कातडीखाली आणि कवचात असताना त्याला ना औषध लागतं ना मीठ, सापडतो तो फक्त पोहताना. उष्णतेने हा फेरा लवकर उरकतो, आणि ३० अंशांना बहुतेकांची पिल्लं माशाला धरूच शकत नाहीत.

म्हणजे आज तुमचे मासे स्वच्छ दिसतायत कारण सगळा कारखाना वाळूत गेलाय. आज थांबलात तर चार-पाच दिवसांनी पहिल्यापेक्षा दाट ठिपके येतील. मी पहिल्यांदा हेच केलं होतं, सातापैकी पाच टेट्रा गेले. शेवटचा ठिपका दिसल्यापासून पुढे किमान दहा दिवस ३० ठेवा. रोज सायफनने वाळू खरवडून पाणी काढा, कवचं तिथेच आहेत. एंजलच्या सुस्तीसाठी पाण्याची पातळी दोन बोटं खाली करा, फिल्टरची धार जोरात आपटेल.

बिनपगारी राखणदार

अठरावा दिवस. आठव्या दिवशी एंजलच्या वरच्या परावर तीन ठिपके आले होते, तुम्ही म्हणालात तसे. दोन दिवसांत गेले. त्यानंतर काही नाही. उद्यापासून दिवसाला एक अंश खाली. रोज सायफन करून कंबर धरली आहे, पण कोरी माझ्या नळीच्या मागे मागे फिरतात, उडालेला गाळ चाळत. एक तर नळीच्या तोंडात मिशा घालून बघते. या प्राण्याकडे मी वर्षभर नीट बघितलंच नव्हतं.

मॉली तीन उरल्या, जुन्या दोन आणि नवी एक. दुसरी नवी नवव्या दिवशी गेली.

काल लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मी टँक दाखवताना बोलत राहिलो, म्हटलं लक्ष जाणार नाही. पहिला प्रश्न: "बाबा, काचेचे कोपरे निळे का?" मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवायचे असतात हे तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. उघडून बघितलं. लिहिलंय.

काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवरचा निळा रंग जातो का कशाने?

शेवाळ

हळूहळू फिका होतो, पूर्ण नाही. घासू नका, जोड सैल होईल. आणि मासे धरायची जाळी आणि सायफनची नळी धुऊन दोन दिवस कडकडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या टँकमध्ये घालू नका.

बगळा

माझ्याकडचे कोपरे अजून निळे आहेत, काका.