मदत हवी आहे : जुन्या गाड्यांच्या त्रैमासिकाचा दिवाळी अंक नेमका कोणासाठी काढावा?

तीन_फर्मे (धुळे)

नमस्कार. आम्ही मोटारींच्या शौकिनांसाठी एक मराठी त्रैमासिक काढतो. आजवर ते बिनबोभाट चालले होते. या दिवाळी अंकावरून मात्र संपादक मंडळात सरळ दोन तट पडले आहेत. जुन्या वाचकांना विलिस या जुन्या जीपच्या कार्ब्युरेटरवरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावरचा) सविस्तर लेख हवा आहे आणि तो तयारही आहे. नव्या मंडळींचे म्हणणे असे की, दिवाळीत घरातला प्रत्येक जण अंक चाळतो, तेव्हा मुखपृष्ठावर ‘दहा लाखांच्या आत कोणती गाडी घ्यावी’ हाच विषय असला पाहिजे. जाहिरातदारही त्यांच्याच बाजूने आहेत. कार्ब्युरेटर मागच्या पानांवर ढकलला तर जुने लोक रुसतात, पुढे आणला तर स्टॉलवर अंक पडून राहतो. देशोदेशीची मोटार-मासिके हा तोल कसा सांभाळतात, हे कोणी माहीतगाराने सांगावे. कृपया तत्त्वज्ञान नको. छापखाना खोळंबला आहे.

केळीपट्टा (रावेर)

भाऊ, उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. वर्गणीदार किती आणि स्टॉलवर जाणारे अंक किती? पाने किती? खर्च वर्गणीतून निघतो की जाहिरातींतून? आणि दहा लाखांच्या आतल्या गाड्यांवरचा लेख लिहिणार कोण आहे? आपल्या मंडळात त्या गाड्या स्वतः चालवून पाहिलेला कोणी आहे का?

रील_लाइफ (जळगाव)

काका, आता गाडी घेणारा माणूस अंक विकत घेऊन वाचत नाही. तो मोबाईलवर चित्रफीत पाहतो आणि थेट शोरूम गाठतो. कागदाचा, छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचवा, यूट्यूबवर वाहिनी सुरू करा आणि कार्ब्युरेटर खोलून दाखवा. ज्याला हवे तो पाहील, ज्याला नको तो पुढे सरकवील. तोल सांभाळण्याचा प्रश्नच उरणार नाही.

बॉनेट_उघडा (भुसावळ)

रील_लाइफ, हे उत्तर चांगले आहे, पण प्रश्न वेगळा होता. धागाकर्त्यांना अंक काढायचा आहे, बंद करायचा नाही.

माझे मत स्पष्ट आहे. आपण ज्यांच्यासाठी सुरुवात केली, त्यांना सोडू नका. ‘कोणती गाडी घेऊ’ हे सांगणारी इंग्रजी मासिके आपल्याकडे १९९८-९९ पासून आहेत. ओव्हरड्राइव्ह आणि ऑटोकार इंडिया ही दोन्ही त्याच सुमारास निघाली. त्यांच्याकडे चाचणीसाठी कंपन्यांच्या गाड्या येतात, छायाचित्रकार असतात, वेग मोजण्याची उपकरणे असतात. धुळ्याहून निघणाऱ्या त्रैमासिकाने त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात कशाला झुंजावे? विलिसच्या कार्ब्युरेटरवर मराठीत लिहिणारा दुसरा कोण आहे, ते मला दाखवा. आपल्याच धुळ्यातून राजवाडे संशोधन मंडळाचे ‘संशोधक’ हे इतिहासाचे नियतकालिक निघते. त्यात कधी पाककृती छापून आल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

सातपुडा_४x४ (शहादा)

बॉनेट_उघडा यांच्या मताशी मी असहमत आहे. फक्त ठरावीक शौकिनांसाठी काढलेल्या मासिकांचे काय होते, ते अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरात दिसले. तिथल्या एका मोठ्या प्रकाशन समूहाने आपल्या बावीस छापील मोटार-मासिकांपैकी एकोणीस एका फटक्यात बंद केली. मस्टँगवाल्यांचे वेगळे, शेवरोलेवाल्यांचे वेगळे, डिझेल ट्रकवाल्यांचे वेगळे, अशी ती वाटणी होती. त्यात फक्त जीपला वाहिलेले ‘जेपी’ही गेले. जीपच्या मायदेशात जीपचे मासिक टिकत नसेल, तर धुळे-नंदुरबारच्या भरवशावर ते कसे टिकेल?

बॉनेट_उघडा (भुसावळ)

सातपुडा, ती यादी पूर्ण वाचा. त्याच फटक्यात ‘ऑटोमोबाइल’ही बंद झाले आणि ते कोणत्याही एका गाडीला वाहिलेले नव्हते, सर्वसाधारण वाचकांसाठीच होते. उलट जी तीन राहिली त्यांत ‘मोटर ट्रेंड’खेरीज ‘हॉट रॉड’ आणि ‘फोर व्हीलर’ होती. १९४८ साली निघालेले ‘हॉट रॉड’ हे जुन्या गाड्यांची इंजिने बदलून त्या पळवणाऱ्यांचे मासिक. त्याहून ठरावीक आवड ती कोणती? तेव्हा व्यापक तेवढे टिकते आणि ठरावीक तेवढे बुडते, असा निष्कर्ष त्या घटनेतून निघत नाही.

सातपुडा_४x४ (शहादा)

निघतो. ‘हॉट रॉड’मध्ये कोणत्याही कंपनीची गाडी चालते, ‘जेपी’मध्ये फक्त जीप. दार किती रुंद ठेवायचे, हाच तर मुद्दा आहे.

कागदपत्रे_पूर्ण (चाळीसगाव)

जुन्या जीपचा विषय निघालाच आहे, म्हणून एक माहिती देतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. हे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. लिलावातून घेतलेल्या जीपचे मूळ कागद नसतील, तर आधी आरटीओत चौकशी करावी आणि मगच रंगकामाला हात घालावा.

तीन_फर्मे (धुळे)

कागदपत्रे_पूर्ण, आपले आभार, पण मी नोंदणीबद्दल विचारलेले नाही.

केळीपट्टा यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. अंक तीन फर्म्यांचा असतो, म्हणजे अठ्ठेचाळीस पाने. बहुतेक प्रती वर्गणीदारांना टपालाने जातात. स्टॉलवर थोड्या जातात आणि काही सारंगखेड्याच्या यात्रेत विकल्या जातात. वर्गणीतून कागद आणि टपाल निघते, छपाईचा खर्च जाहिरातींवर असतो. मुख्य जाहिरात, म्हणजे कव्हर चार (मलपृष्ठ), एका गाड्या विकणाऱ्या व्यावसायिकाची आहे. दहा लाखांच्या आतल्या गाड्यांचा लेखही त्यांच्याकडूनच तयार होऊन आला आहे, त्यामुळे लिहिण्याचा प्रश्न नाही.

केळीपट्टा (रावेर)

ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती, भाऊ! आपण सारे इथे आवडीनिवडीवर भांडत आहोत आणि तिकडे लेख दुकानातून आला आहे. त्या लेखात ज्या गाडीला पहिला क्रमांक दिला आहे, ती त्याच दुकानात मिळते का?

तीन_फर्मे (धुळे)

मिळते. पण गाडी खरोखरच चांगली आहे.

सातपुडा_४x४ (शहादा)

नाना, गाडी चांगली असेलही. पण मीसुद्धा आता बॉनेट_उघडा यांच्या बाजूला दोन पावले सरकतो. दार रुंद करणे वेगळे आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे.

अक्षरजुळणी (नंदुरबार)

मी बरीच वर्षे मासिकांच्या संपादनात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. छापखान्याला एक दिवस थांबवता येत असेल तर वाचावे.

व्यापक होण्याच्या हौसेत काय घडू शकते, याचा एक दाखला देते. अमेरिकेतील ‘स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड’ हे १९५५ साली निघालेले मासिक केवळ स्पोर्ट्स कारवाल्यांचे होते. १९६१ मध्ये त्याचे नाव ‘कार अँड ड्रायव्हर’ केले, कारण जुन्या नावातच कुंपण होते. हा निर्णय योग्य होता आणि ते मासिक आजही चालू आहे. पण त्याच मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात इटलीची फेरारी जीटीओ आणि अमेरिकेची पाँटिॲक जीटीओ यांचा सामना मुखपृष्ठावर रंगवला. अंक गाजला. प्रत्यक्षात त्या दोन गाड्या समोरासमोर धावल्याच नव्हत्या, आणि चाचणीच्या पाँटिॲकमध्ये ३८९ घनइंचांऐवजी ४२१ घनइंचांचे मोठे इंजिन बसवून दिले होते, हे पुढे पाँटिॲकच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनीच उघड केले. तिथे निदान लेख मासिकाने स्वतः लिहिला होता. आपल्याकडे तर तोही बाहेरून आला आहे. तो छापायचाच असेल तर वर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ असे छापा, आणि तो मुखपृष्ठाचा विषय होऊ शकत नाही हे आजच फोन करून सांगा.

आता कार्ब्युरेटरच्या लेखाबद्दल. तो पुढे घ्यावा की मागे, यापेक्षा तो सुरू कोठून होतो, हे मला महत्त्वाचे वाटते. मी पैजेवर सांगते की तो कार्ब्युरेटरच्या आकृतीने आणि सुट्या भागांच्या नावांनी सुरू होत असेल. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ज्यांनी जीपमधून किंवा ॲम्बॅसेडरमधून प्रवास केला आहे, त्यांनी एक दृश्य हमखास पाहिले आहे. घाट चढताना गाडी आचके देत बंद पडते. चालक बॉनेट उघडतो, खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवून इंजिनाच्या कडेला कशावर तरी गुंडाळतो आणि बिडी पेटवून शांतपणे उभा राहतो. थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू होते. त्या पंच्याने नेमके काय केले? ते ‘कशावर तरी’ म्हणजे पेट्रोलचा पंप. तो इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पातळ पेट्रोल ओढण्यासाठी केलेल्या पंपाला वाफ ओढता येत नाही, म्हणून कार्ब्युरेटर कोरडा पडतो. ओल्या फडक्याने पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. आजच्या गाडीत पंप विजेवर चालतो आणि टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल मागून दाबाने पुढे ढकलतो, म्हणून हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. लेख या ठिकाणी सुरू करा. ज्यांना कार्ब्युरेटरमधल्या जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) यांची मापे हवी आहेत, ते पुढच्या पानांपर्यंत जाणारच आहेत. ज्यांना नको आहेत, त्यांनाही आपल्या नव्या गाडीत काय बदलले हे कळलेले असेल.

इंग्लंडच्या ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाने हेच केले होते. १९२४ पासून निघणारे हे मासिक शर्यतीच्या पक्क्या शौकिनांचे. पण इटलीतल्या रस्त्यांवर होणाऱ्या मिल्ले मिल्या या शर्यतीचा १९५५ साली त्यांच्या डेनिस जेंकिन्सन या वार्ताहराने लिहिलेला वृत्तांत, ज्यांनी जन्मात शर्यत पाहिली नाही तेही आजपर्यंत वाचतात. तो स्वतः शर्यतपटू स्टर्लिंग मॉसच्या शेजारच्या आसनावर बसला होता. वाटेतली वळणे लिहिलेली कागदाची लांबच लांब गुंडाळी त्याने एका धातूच्या डबीत बसवली होती, आणि ती फिरवत तो मॉसला हातवाऱ्यांनी पुढचे वळण सांगत होता, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत त्यांनी ती शर्यत जिंकली. त्या लेखात तांत्रिक तपशील कमी नाहीत, पण वाचक आधी त्या आसनावर जाऊन बसतो आणि मग तपशील वाचतो.

बॉनेट_उघडा (भुसावळ)

ताई, पंच्याचे वर्णन अगदी खरे आहे. फक्त एवढेच लिहितो की, आमचा एक चालक काळी मातीही थापत असे आणि ती पंच्यापेक्षा जास्त वेळ ओली राहते. तरीही मापे मागे ढकलण्याला माझा विरोध आहे. मापांसाठीच आम्ही वर्गणी भरतो.

अक्षरजुळणी (नंदुरबार)

बॉनेट_उघडा, मापे गाळावीत असे मी म्हटलेले नाही. ती एका स्वतंत्र पानावर, गॅरेजमध्ये भिंतीला चिकटवता येतील अशी छापावीत. आपल्यासारखे वाचक ते पान कापून ठेवतील आणि बाकीच्यांची वाट अडणार नाही.

मराठीतलेही एक उदाहरण आहे. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघाले ते कारखान्याच्या कामाची आणि मालाची माहिती देण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे सर्वांचे मासिक केले आणि जोडीला ‘स्त्री’ व ‘मनोहर’ काढली. वेगळा वाचक हवा होता तेव्हा त्याला वेगळे मासिक दिले, हे लक्षात घ्यावे.

रील_लाइफ (जळगाव)

पंच्याची चित्रफीत फार चालेल. मी अजूनही तेच सांगतो.

केळीपट्टा (रावेर)

आणि कागदपत्रे_पूर्ण यांना आपण उगाच परतवून लावले. जुनी गाडी घेऊन तिचे पासिंग कसे करायचे, पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवून कशी घ्यायची, हा प्रश्न जीपच्या शौकिनालाही पडतो आणि वडिलांची मारुती ८०० विकू न देणाऱ्या मुलीलाही. स्टॉलवर अंक उचलायला लावणारा विषय तो आहे. नवी गाडी दाखवायला शोरूम आहेतच, जुन्या गाडीचे कागद समजावून सांगायला कोणी नाही.

कागदपत्रे_पूर्ण (चाळीसगाव)

लेख देण्यास मी तयार आहे. मात्र नियमांचे शब्द बदलू नयेत.

तीन_फर्मे (धुळे)

मंडळात आत्ताच बोलणे झाले. मुखपृष्ठावर बॉनेट उघडलेली जीप आणि ओला पंचा येईल. कार्ब्युरेटरचा लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. मापांचे पान मधोमध, म्हणजे पिना काढून वेगळे करता येईल. कागदपत्रांवरचा लेख त्याच्या पाठोपाठ जाईल. शब्द बदलणार नाही, पण कंसांतली उपकलमे गाळावी लागतील. काळ्या मातीचा उल्लेख बॉनेट_उघडा यांच्या नावाने चौकटीत घेऊ.

व्यावसायिकांना ‘जाहिरात’ असे छापण्याची अट कळवली. त्यांनी लेखही परत मागितला आणि कव्हर चारही. तेव्हा आता मलपृष्ठ रिकामे आहे आणि एका रंगीत पानाचे पैसे उभे करायचे आहेत. रेडिएटर, बॅटरी, रिमोल्ड टायर यांपैकी कोणाचे दुकान ओळखीचे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

सातपुडा_४x४ (शहादा)

शहाद्यात रेडिएटरवाले ओळखीचे आहेत. उद्या विचारून सांगतो, पण ते दर विचारतील. तो व्यनित कळवा.